दोनशे पुस्तकांना दोनशे पेट्या नकोत

वाचनालयातली शंभरेक वर्षांपूर्वीची दोनशे पुस्तकं झिपच्या प्लास्टिक पिशव्यांत घालू की प्रत्येकाला पेटी करून घेऊ, असं विचारलंत. पिशव्या नकोतच. तुमच्याकडच्या कोकणी पावसाळ्यात कागदानं ओल धरलेलीच असते. पिशवी बंद केली की ती आत कोंडते आणि बुरशीचं फावतं.

पेट्याही सरसकट लागणार नाहीत. शिवण घट्ट, पुठ्ठे शाबूत असतील तर पुस्तक कपाटात आधार देऊन उभं ठेवा, झालं. बांधणी सुटलीय पण पानं धड आहेत, त्याला चार पाकळ्यांचं जाड कागदाचं वेष्टण आणि वरून सुती नाडी पुरते. रबरबँड नको, तो वितळून चिकटतो. पान उलटताना कोपरा तुटून हातात येतो किंवा चामड्याचा लालसर भुगा बोटांना लागतो, अशांनाच बिजागरीची, पुस्तकासारखी उघडणारी पेटी करा. माझ्या अंदाजानं अशी तीस-चाळीसच निघतील.

पैसे वाचवायचे तर संख्येत वाचवा, पुठ्ठ्यात नाही. मी पहिल्या पंचवीस पेट्या बाइंडरकडच्या साध्या करड्या पुठ्ठ्याच्या केल्या. काही वर्षांनी उघडल्या, तर आतल्या पांढऱ्या कागदावर पुठ्ठ्याच्या कडेची तपकिरी रेघ उमटलेली! पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरलं होतं. आम्लमुक्त म्हणून कुणी पुठ्ठा दिला तर त्याच्या तुकड्यावर आम्लता तपासायच्या पेननं रेघ मारा. जांभळी राहिली तर घ्या, पिवळी पडली तर परत करा. ही परीक्षा पुस्तकावर मात्र करू नका, डाग जात नाही.

माप पुस्तक आडवं ठेवून, गुण्या लावून घ्या. जुनं पुस्तक कण्याशी एक आणि उघडत्या बाजूला फुगून दुसरंच भरतं. तीन ठिकाणी मोजा, सर्वांत मोठं माप धरा आणि त्यात दोन मिलिमीटर सोडा. पेटी सैल झाली तर काढता-ठेवताना पुस्तक आत आपटत राहतं.

सुट्या पानांच्या पोथ्या असतील तर त्यांना आपलं बासनच उत्तम (वाक्प्रचारानं बिचाऱ्याला उगाच बदनाम केलंय). खाली-वर फळ्या आणि भोवती मांजरपाट. कापड आधी दोनदा धुवा, कारण त्यातल्या खळीवर कसर येते. लाल कापड घेतलंत तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग सुटला तर छत गळेल त्या दिवशी पोथी गुलाबी होईल.