'ट्यूलिप', 'लाले' आणि आपला 'लाल'

तुर्की भाषेत ट्यूलिपला 'लाले' म्हणतात, तर मग युरोपात 'ट्यूलिप' हे नाव आले कुठून, आणि आपल्या 'लाल' या शब्दाचा त्या 'लाले'शी काही संबंध आहे का, असे एका वाचकांनी विचारले आहे.

'ट्यूलिप'चे मूळ फारसी 'दुलबंद' आणि त्यावरून तुर्कीत रूढ झालेल्या 'तुल्बेंद' या शब्दात आहे. त्याचा अर्थ डोक्याला गुंडाळायचे तलम वस्त्र, म्हणजे पागोटे. इंग्रजीतला 'टर्बन'ही याच शब्दापासून निघालेला आहे. १५५० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फर्डिनंड राजाचा वकील म्हणून तुर्कांचा सुलतान सुलेमान याच्या दरबारी गेलेल्या बुस्बेकने एका पत्रात असे लिहिले, की एदिर्नेहून इस्तंबूलकडे जाताना ऐन थंडीत फुललेली जी फुले दिसली, त्यांपैकी एकाला तुर्क लोक 'तुलिपान' म्हणतात. प्रत्यक्षात तुर्कांचा शब्द 'लाले' हाच होता. फुलाचा आकार सांगताना दुभाष्याने पागोट्याची उपमा दिली असावी आणि बुस्बेकने तेच नाव समजून टिपून घेतले असावे, असे सामान्यतः मानले जाते. मला मात्र दुसरा तर्क अधिक पटतो. तुर्कस्तानातल्या इझनिक गावी बनणाऱ्या रंगीत फरशांवर, उदाहरणार्थ इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत, रंगवलेली लाले निमुळती आणि टोकदार पाकळ्यांची आहेत, त्यांत पागोट्याची गोलाई शोधूनही सापडत नाही. त्यामुळे हे फूल पागोट्यात खोवण्याची जी रीत होती, तिच्यातूनच हा घोटाळा झाला असावा.

या फुलाला जे प्रतीकमूल्य आले, त्याचा मोठा भाग 'लाले' या नावातच आहे. अरबी लिपीत हा शब्द 'लाम', 'अलिफ', 'लाम', 'हे' या अक्षरांनी लिहितात, आणि 'अल्लाह' या शब्दात नेमकी हीच अक्षरे वेगळ्या क्रमाने येतात. अब्जद पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला अंक देऊन, बेरीज केली तर ३० + १ + ३० + ५ असे ६६ होतात आणि 'अल्लाह'चीही बेरीज तितकीच भरते. शिवाय 'लाले'ची अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली तर 'हिलाल', म्हणजे चंद्रकोर, हा शब्द मिळतो. मशिदींच्या भिंतींवर हे फूल इतक्या आदराने का आले, याचे एक कारण या अक्षरजुळणीत आहे. १९२८ साली तुर्कस्तानने रोमन लिपी स्वीकारल्यापासून 'लाले' लिहिताना ही जुळणी डोळ्यांना दिसत नाही. इराणात ती अजून दिसते: १९८० पासून तिथल्या राष्ट्रध्वजावर असलेले 'अल्लाह' हे अक्षरचिन्ह ट्यूलिपच्या आकाराची आठवण करून देते आणि हुतात्म्यांच्या रक्ताचे प्रतीक म्हणूनही तिथे लालेच दाखवतात. ही कल्पना जुनीच आहे. फारसी काव्यात शिरीनचा प्रियकर फरहाद याच्या रक्तातून लाले उगवते आणि तिच्या तळाचा काळा ठिपका हा विरहाने पोळलेल्या काळजाचा 'दाग' ठरतो.

आता 'लाल'विषयी. हा शब्द कोशकार फारसी 'लअल', म्हणजे माणिक, याच्याशी जोडतात. त्याच्या लेखनात 'ऐन' हे अक्षर येते, जे 'लाले'मध्ये नाही. उच्चार जवळचे आणि फूलही बहुधा तांबडेच, म्हणून दोन्ही एक वाटतात. पण आपला 'लाल' या फुलावरून आला असे म्हणता येणार नाही.

भाषांतर करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फारसी-उर्दूतला 'लाला' नेहमीच ट्यूलिप नसतो, कारण रानात उगवणाऱ्या तांबड्या खसखशीच्या जातीच्या फुलांनाही तोच शब्द लावतात. 'लाला-ओ-गुल' याचे 'ट्यूलिप आणि गुलाब' असे मराठी करण्यापूर्वी कवीला कोणते फूल अभिप्रेत आहे ते पाहावे, आणि ते ठरत नसेल तर 'लाला' हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखापाशी त्याचा अर्थ द्यावा.