कुकरचं झाकण

"मॅडम, सांधे एवढे दुखतात, त्यात व्यायाम केला तर आणखी झिजणार नाहीत का?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. माझ्याकडे आलेल्या एका काकूंनी मात्र तो विचारला नाही. पर्समधून लेट्रोझोलची, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीची, स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. महिन्याभरात निम्म्या गोळ्याही घेतलेल्या नव्हत्या.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं त्यांनी निभावलं होतं. आता सकाळी बोटं वळत नाहीत, कुकरचं झाकण लागत नाही, सुनेला हाक मारावी लागते. माझं चुकलं ते इथे. मन खचलंय असं धरून मी दोन भेटी त्यावरच बोलत राहिले. तिसऱ्या भेटीत त्या हळूच म्हणाल्या, "हाडात तर नाही ना गेला?"

भीती ही होती! डॉक्टरांनी तपासून तसं काही नसल्याचं सांगितलं. गोळीमुळे शरीरातलं इस्ट्रोजेन खूप कमी होतं आणि सांधे आखडतात. ही गोळी घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांना हा त्रास होतो. पण गोळी किमान पाच वर्षं घ्यायची असते, परस्पर सोडायची नसते.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या एका अभ्यासात अशाच १२१ बायका होत्या. व्यायामाच्या गटाला आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनांचा व्यायाम दिला होता. वर्षभरात त्यांचं सर्वांत तीव्र दुखणं सरासरी २९ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या गटाचं घटलं नाही. दुखणं गेलं असं नव्हे, घटलं. मी काकूंनाही तसंच सांगितलं, उगाच गोड बोलले नाही.

फिजिओथेरपिस्टने सुरुवात अगदी थोडक्यात करून दिली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं फेऱ्या, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हातात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी मला फोनवर चांगलंच सुनावलं, "पाय उलट जास्त भरून येतात तुमच्यामुळे!" फेऱ्या थोड्या कमी केल्या, बंद केल्या नाहीत.

(एकाच जागी वाढत जाणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल किंवा पायातली ताकद गेली, तर फेऱ्याबिऱ्या राहू द्या, आधी डॉक्टरांना गाठा.)

चौथ्या महिन्यात काकूंनी रिकामी स्ट्रिप दाखवली. सकाळी अजून दुखतंच, म्हणाल्या. "पण झाकण लागतं आता. शिट्ट्या मात्र सुनेलाच मोजू देते."