धावतं पिल्लू, घसरणारे पंजे

प्रश्न : घरातून पळालेल्या मांजराच्या पिल्लावर तीन मिनिटांचा टूडी ॲनिमेशन लघुपट एकटीच करते आहे. सेकंदाला २४ फ्रेम. पिल्लू धावताना पंजे जमिनीवरून घसरतात आणि सगळं थरथरतं. धाव नव्याने काढू का?

उत्तर : आधी टाइमलाइन तपासा. पिल्लू ऑन टूज (एक चित्र दोन फ्रेम) आणि पार्श्वभूमी मात्र दर फ्रेमला सरकते, असं असेल तर थरथर होणारच. दुसऱ्या फ्रेमला पिल्लू जागीच असतं आणि जमीन त्याच्या पायांखालून निघून जाते. पार्श्वभूमीही दोन-दोन फ्रेमनी सरकवता येते, पण मग वेगवान पॅन (पार्श्वभूमीचं आडवं सरकणं) तुटक दिसतो. म्हणून धावेपुरतं पिल्लू ऑन वन्स (दर फ्रेमला नवं चित्र) काढा. ८ फ्रेमची सायकल (पुन्हा पुन्हा फिरवायची चित्रमालिका) पुरते, म्हणजे चित्रं आठच.

घसरण्याचं कारण निराळं. टेकलेला पंजा एका चित्रातून पुढच्या चित्रात ४० पिक्सेल मागे जात असेल, तर जमिनीचा थरही त्या फ्रेमला बरोबर ४० पिक्सेल मागे जायला हवा. लांबची झाडं, भिंती सावकाश सरकल्या तरी चालतात. पॅनला मध्येच ईझ (वेग हळूहळू वाढवणं किंवा कमी करणं) दिलात की हे गणित मोडतं.

धाव नव्याने काढायचीच झाली तर पाठीपासून सुरुवात करा. मांजराच्या धावेचा जोर पाठीच्या कण्यात असतो. चारही पाय पोटाखाली गोळा झाले की पाठ कमान होऊन वर येते, पाय ताणले की सपाट होते. पाठ ताठ राहिली तर पिल्लू आखूड घोड्यासारखं दिसतं. मागच्या पायाचा उलटा वाकणारा सांधा म्हणजे टाच. गुडघा वर, पोटालगत असतो. इथे फार जण चुकतात. वळताना आधी डोकं, मग खांदे, मग कुल्ले. शेपटीचं टोक दोन-तीन फ्रेम उशिरा.

प्रश्न : एकूण चित्रं किती लागतील?

उत्तर : १८० सेकंद, ऑन टूज सेकंदाला १२, म्हणजे २१६०. पण एवढी काढू नका. कच्च्या आवाजासह ॲनिमॅटिक (कच्च्या चित्रांवर वेळ बसवून केलेला फिल्मचा आराखडा) आधी पूर्ण करा आणि नको ते शॉट तिथेच कापा. पिल्लू लपलेलं असताना नुसतं कानाचं टोक हललं तरी प्रेक्षक श्वास रोखून बघतो, आणि असे शॉट तीन-चार चित्रांत होतात. रेंडर (तयार फिल्म सॉफ्टवेअरमधून बाहेर काढणं) मात्र थेट व्हिडिओत नको, पीएनजी सिक्वेन्समध्ये (दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल) घ्या. मध्येच बंद पडलं तर त्याच फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं.