सरूचे झाड आतून तपकिरी का पडते?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी आम्ही कुंपणालगत सरूची तीन उभट झाडे लावली. त्यांना रोज पाणी घालतो. तरीही दोन झाडे आतल्या बाजूने तपकिरी पडली आहेत आणि तिसऱ्याची एक फांदी शेंड्याकडून वाळली आहे. सदाहरित म्हणवणारे झाड असे का वाळावे? ती खालून छाटली तर पुन्हा फुटतील का? बियांपासून अशीच उभट रोपे होतील का?

उत्तर : आधी झाडाची ओळख पटवून घ्यावी, कारण सरू आणि सुरू या दोन नावांत फार घोटाळा होतो. सुरूची बारीक हिरवी काडी ओढली की ती सांध्यावर सुटून तिचे तुकडे होतात. सरूच्या काडीवर मात्र मिलिमीटरांत मोजावीत इतकी लहान पाने माशाच्या खवल्यांसारखी एकमेकांवर घट्ट बसलेली असतात आणि ती चुरडली की राळेचा वास येतो. पुढचे सारे सरूविषयी, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशापासून इराणपर्यंतच्या डोंगराळ, कोरड्या मुलखातल्या झाडाविषयी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्याला दिलेल्या नावातील ‘सेम्परविरेन्स’ या शब्दाचा अर्थच ‘सदाहरित’ असा आहे.

सदाहरित म्हणजे पान कधीच न गळणारे, असे मात्र नाही. सरूचे पान काही वर्षे जगते आणि मग आतल्या सावलीतल्या बारीक काड्यांसह वाळून गळते. त्यामुळे बुंध्याजवळचा भाग सगळीकडून सारखाच तपकिरी असेल आणि बाहेरचे शेंडे गर्द हिरवे असतील, तर काळजीचे कारण नाही. कोरड्या उन्हाळ्यात तांबडा कोळी ही बारीक कीडही आतूनच सुरुवात करते. पांढरा कागद फांदीखाली धरून ती झटकावी, आणि कागदावर हलणारे ठिपके दिसले तर पाण्याचा जोरदार फवारा मारून झाड धुवावे.

तिसऱ्या झाडाची मला खरी चिंता वाटते. एकच फांदी शेंड्याकडून वाळणे हे खोडावरील खैऱ्या रोगाचे लक्षण असू शकते. वाळलेल्या भागाच्या खाली साल नीट पाहावी. ती खचून फाटली असेल आणि तिथून राळ ओघळत असेल, तर बुरशी आत शिरली आहे असे समजावे. लागण झालेल्या झाडाला खात्रीने बरे करील असे औषध नाही. फांदी निरोगी भागापर्यंत मागे कापून जाळून टाकावी आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी, नाहीतर आपल्याच हाताने रोग शेजारच्या झाडावर जाईल.

रोजचे पाणी आजच थांबवावे. सरू चुनखडीच्या, खडकाळ, निकृष्ट जमिनीतही उत्तम वाढतो, पण मुळांशी पाणी साचलेले त्याला मुळीच सोसत नाही. मुळे कुजतात आणि झाड मलूल दिसते म्हणून आपण आणखी पाणी घालतो. पहिली दोन वर्षे पाणी खोलवर मुरेल असे पण क्वचित द्यावे, आणि माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नये. चार वर्षांचे मुरलेले झाड पावसावर आणि कडक उन्हाळ्यातल्या अधूनमधूनच्या पाण्यावर भागवते. नवे झाड लावताना भरपूर ऊन आणि निचऱ्याची जागा निवडावी व मातीची हुंडी (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) आसपासच्या जमिनीपेक्षा खाली जाऊ देऊ नये.

खालून छाटण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. हिरवी पाने नसलेल्या जुन्या लाकडातून सरू पुन्हा फुटत नाही. तिथे पडलेले भगदाड कायमचे राहते. आकार राखायचा असेल तर हिरव्या भागातच हलकी छाटणी करावी.

बियांचे म्हणाल, तर फळाला पिकायला परागीभवनानंतर जवळजवळ दोन वर्षे लागतात. बी ओलसर वाळूत घालून तीनचार आठवडे फ्रीजमध्ये ठेवले की उगवण अधिक एकसारखी होते. मात्र सरूचा एक पसरट प्रकारही आहे, आणि उभट झाडाच्या बियांतून सगळी रोपे उभट निघतीलच असे नाही. तीन झाडे एका ओळीत शोभावीत अशी इच्छा असेल, तर त्याच झाडाच्या अर्धपक्व काडीचे फाटे कलम करावे. त्याला मुळे सावकाश फुटतात आणि बऱ्याच काड्या वाया जातात, म्हणून हव्या त्यापेक्षा पुष्कळ जास्त काड्या लावाव्यात. आणि त्या निरोगी दोन झाडांवरूनच घ्याव्यात, तिसऱ्यावरून नव्हे.