राष्ट्रपतींच्या घरातले फर्निचर

प्रश्न : आजोबांच्या सागवानी आरामखुर्चीचा आम्ही फक्त वेत बदलतो. नवे राष्ट्रपती आले की राष्ट्रपती भवनातले फर्निचर मात्र सगळेच नवे येते का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. ३४० खोल्यांच्या त्या वास्तूतले फर्निचर वास्तूचेच असते. वास्तुरचनाकार एडविन लट्यन्स यांनी इमारतीबरोबर तिच्यातील बऱ्याच फर्निचरचेही आराखडे केले होते, त्यामुळे तिथेही तुमच्यासारखी डागडुजीच शोभते. १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल झालेल्या राजगोपालाचारींना व्हाइसरॉयची दालने फारच भपकेबाज वाटली (आणि ती होतीच), म्हणून ते पाहुण्यांसाठीच्या लहान खोल्यांत राहिले. पुढचे राष्ट्रपतीही सहसा तिथेच राहत आले, तर मूळ दालनांत आता परदेशी राष्ट्रप्रमुख उतरतात.