बोटुकली तिसऱ्या दिवशी मरतात, म्हैस पान्हा चोरते: दोन प्रश्न, कारण एकच

खानापूरकडच्या एका दादांनी विचारलंय, कृषी होंडात, म्हणजे शेततळ्यात, रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडली, दोन दिवस बरी होती, तिसऱ्या दिवसापासून रोज दहा-वीस मरून वर यायला लागलीत, कुणी विष घातलं काय. आणि निपाणीकडच्या एका ताई म्हणतात नवीन शेडात नेल्यापासून म्हैस पान्हा चोरतेय, इंजेक्शन द्यावं का. दोन्हीकडे कारण एकच, भीती आणि ताण.

दादा, विष असतं तर बहुतेक सगळी एकदमच गेली असती, हे मला तरी वाहतुकीच्या ताणाचं वाटतंय. जाळ्यात दाटून घाबरलेल्या माशाच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं, आपल्याला टेन्शन आल्यावर वाढतं तेच, मग कल्ल्यांतून अंगातलं मीठ बाहेर जातं, पाणी आत शिरतं, खवलं निघालेल्या जागी बुरशी धरते आणि रोगाशी झगडायची ताकद तर आधीच कमी झालेली असते, म्हणून मरण उशिरा दिसतं. पुढच्या खेपेला पिशवीत भरायच्या आधी एक दिवस खाद्य बंद ठेवायला सांगा, नाहीतर पिशवीतच घाण होऊन अमोनिया वाढतो, आणि पिशवीतल्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम साधं मीठ घाला. ऊन उतरल्यावर पिशवीचं तोंड न उघडता ती १५-२० मिनिटं होंडात तरंगत ठेवा, मग तोंड उघडून होंडाचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि पिशवी आडवी करा, पोरं आपणहून बाहेर पडतात. बादलीतून वरून ओततात ते बघून खरंच पोटात कालवतं हो. माशाला काय कळतंय म्हणू नका, २००३ साली स्कॉटलंडच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष नाहीतर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड टोचलं तर त्यांनी जवळजवळ तीन तास खाणं सोडलं, आणि अ‍ॅसिडवाले तर ओठ खड्यांवर घासत होते.

ताई, इंजेक्शन नको. ते ऑक्सिटोसिनच असतं, पान्हा सोडायला म्हशीच्या मेंदूतून आपोआप सुटतं तेच, रोज टोचलं की त्याशिवाय ती पान्हा सोडेनाशी होते. १९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून, कागदी पिशव्या फोडून तिला घाबरवलं तर दूध उतरायचं थांबलं, कारण भीतीनं अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि ते पान्ह्याला अडवतं. म्हणजे दूध कासेत असतंच, ती मुद्दाम चोरत नाही, तिला मारू नका. रोज एकाच माणसानं एकाच वेळी धार काढा, आधी कोमट पाण्यानं कास मिनिटभर धुवून चोळा, पारडू जवळ असू दे, आणि पान्हा फुटला की पाच-सात मिनिटांत धार संपवा. जुन्या गोठ्यात शेजारी असायची तीच म्हैस आताही शेजारी बांधा. सडाला सूज किंवा दुधात गाठी दिसल्या तर मात्र लगेच डॉक्टरांना बोलवा.

आणि शेडचा कोबा बघा. गुळगुळीत असेल तर म्हैस पाय ताठ रोवून उभी राहते, बसायला भिते, त्यावर रबर मॅट टाका नाहीतर कोब्याला खाचा मारून घ्या, हे आजच करा.