लाभांश ४००, पेढे २४०

तुम्ही विचारलंय की पगाराशिवाय जोडधंद्याचे थोडे पैसे येतात, लाभांश (कंपनी नफ्यातून शेअरवाल्यांना वाटते ते पैसे) देणारे शेअर घ्यायला सुरुवात केलीय आणि डोक्यावर पर्सनल लोन आहे. या सगळ्याचा हिशोब कोणत्या ॲपमध्ये ठेवावा, आणि लाभांशातूनच हप्ता जायला लागेल असं कधी होईल? पहिल्या भागाचं उत्तर तुम्हाला कुणीही देईल. दुसरा भाग वाचला आणि मला आमचे भावजी आठवले, म्हणून लिहायला बसले.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. घरचे चार माग होते. सूत शेठचं, आम्ही मजुरीवर चादर विणून द्यायचो. मजुरी वर्षानुवर्षं तिथंच आणि विजेचं बिल मात्र वर, तेव्हा काय व्हायचं ते झालं. दोन माग भंगारवाल्यानं किलोवर नेले. त्याचे ६०,००० रुपये हातात आले. त्याच वेळी पतसंस्थेचं २,८०,००० रुपयांचं कर्ज नव्यानं बांधून घेतलं होतं, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता ६,५१५. पहिल्या हप्त्यात व्याजच ३,२६७ रुपये होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त.

मी म्हणाले, साठ हजार तसेच्या तसे कर्जात टाकू. भावजी म्हणाले, "काय करलालाव ओ वहिनी, पैसा कामाला लावायचा असतो. लाभांशाचे शेअर घेऊ, हप्त्याला हातभार लागेल." आमचे हे गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे भावाच्या बाजूनं, हे लग्न झालेल्या बायकांना सांगायला नको. पैसे शेअरमध्ये गेले.

त्यातली एक कंपनी भावजींनी निवडली ती बातमी वाचून: "५०० टक्के लाभांश जाहीर". त्यांना वाटलं पाचपट पैसे मिळणार. तुम्हीही असल्या बातम्या वाचत असाल तर सांगते, ही टक्केवारी दर्शनी किमतीवर, म्हणजे कंपनीनं शेअरची कागदावर ठरवलेली मूळ किंमत, तिच्यावर असते, बाजारभावावर नाही. शेअरची दर्शनी किंमत १ रुपया, म्हणजे ५०० टक्के लाभांश झाला ५ रुपये. आपण तो शेअर घेतला होता ४०० रुपयांना. ५ भागिले ४००, सव्वा टक्का. आमचे ८० शेअर होते, आले ४०० रुपये. शिवाय ज्या दिवसापासून नव्यानं शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, त्या दिवशी भाव साधारण तेवढ्यानं उतरूनच उघडतो. कंपनीच्या तिजोरीतले पैसे तुमच्या खात्यात आले, तिजोरी तेवढी हलकी झाली, वरून काही पडलं नाही. भावजींना त्या सकाळी भाव का पडला ते कळेना. मी कळूनही बोलले नाही. पुढं बोलायला उपयोगी पडेल म्हणून ठेवून दिलं.

तर ४०० रुपये आल्याचा मेसेज आला आणि भावजी संध्याकाळी अर्धा किलो पेढे घेऊन आले. २४० रुपयांचे. "वहिनी, पहिली कमाई!" मी वहीत लिहिलं: लाभांश जमा ४००, पेढे खर्च २४०. त्याच्याच खाली त्या महिन्याच्या हप्त्यातलं व्याज: ३,१९०. वही त्यांच्यासमोर ठेवली. ते म्हणाले, तुम्ही वहिनी नाही, ऑडिटर आहात. तो दिवस आणि आजचा दिवस, आमच्यात हा वाद चालू आहे.

आता वहीबद्दल, कारण तुमचा हिशोबाचा प्रश्न तिथंच येतो. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बिलं करते. दिवसभर लोकांच्या पैशाचा हिशोब पैशापर्यंत जुळवायचा आणि घरी आल्यावर स्वतःच्या धंद्याचा हिशोब डोक्यात! माझा जोडधंदा कडक भाकरीचा. आठवड्याला तीनशे, आठ रुपयाला एक. महिन्याला बाराशे भाकरी, ९,६०० रुपये. मी सगळ्यांना सांगायचे, भाकरीत साडेनऊ हजार सुटतात. भावजींच्या चारशेला हसायचे.

पेढ्यांच्या त्या प्रकारानंतर मीच माझा खर्च लिहून काढला. ज्वारी ८० किलो, ४५ च्या भावानं ३,६००. मालदांडीच लागते, दुसऱ्या पिठाची भाकरी कडेला फाटते. दळण ४००. शेजारच्या मावशी थापायला येतात, त्यांचे १,५००. पिशव्या आणि रिक्षा ५००. आणि गॅस, जो मी तोवर "घरचाच आहे" म्हणून धरतच नव्हते. कडक भाकरी भाजून झाल्यावर मंद आचेवर वाळवावी लागते, गॅस खाते ती तिथं. (घरगुती टाकीवर धंदा करायचा नसतो हेही मला तेव्हाच कळलं. निळी टाकी घेतली, १,८००.) बेरीज ७,८००. म्हणजे साडेनऊ हजारांच्या गप्पा मारणाऱ्या बाईला सुटत होते १,८०० रुपये, पहाटे चारला उठून.

रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या आठवड्यात भाकरी दहा रुपये केली. दोन गिऱ्हाइकं तुटली, त्यांच्या जागी दुसरी दोन मिळाली. बाराशे भाकरीचे १२,००० झाले, खर्च तोच, सुटले ४,२००. ते मी घरखर्चात मिसळू दिले नाहीत, दर महिन्याला पतसंस्थेत जाऊन मुद्दलात भरायचे. शाळेच्या फीचा महिना सोडला, उन्हाळ्यात ऑर्डर पडल्या तो सोडला, बाकी चुकवलं नाही. पाच वर्षांचं कर्ज तीन वर्षांत मिटलं.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं: जोडधंद्याची कमाई लिहिताना आलेले पैसे लिहू नका, सुटलेले लिहा. घरच्या वस्तू वापरल्या तर त्यांचेही पैसे धरा. गाडीचं पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, सगळं. लाभांशासाठी वेगळं पान ठेवा आणि प्रत्येक लाभांशासमोर त्या महिन्याचं कर्जाचं व्याज लिहा. हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच मिळेल. आमच्या साठ हजारांवर, सगळे शेअर मिळून, वर्षाला साधारण २,४०० लाभांश यायचा, चार टक्के. त्याच साठ हजारांनी कर्जाचं वर्षाचं व्याज वाचलं असतं ८,४००. चार टक्के कमवायला चौदा टक्के भरायचे, याला गुंतवणूक म्हणत नाहीत, हौस म्हणतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवून शेअर घेणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही, तिथं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्के असतं.

आणि लाभांश म्हणजे काही पेन्शन नव्हे. आमचे आजेसासरे जुन्या मिलमध्ये होते. १८७७ साली उभी राहिलेली मिल, तिच्या भोंग्यावर अर्ध्या गावाचं घड्याळ चालायचं. तीही बंद पडली. कंपनी कायमची असते हे सोलापूरकराला पटवायला जाऊ नका.

आता प्रामाणिकपणानं भावजींची बाजू, नाहीतर हे वाचून ते खाली भांडायला येतील. तीन वर्षांनी त्या साठ हजारांच्या शेअरची किंमत ८१,००० झाली होती. तीन वर्षांचा लाभांश ७,१००. एकूण ८८,१००. तेच ६०,००० कर्जात भरले असते तर १४ टक्क्यांनी, वर्षाचं चक्रवाढ धरून, ८८,८९३ रुपयांचं काम झालं असतं. ७९३ रुपयांनी मी जिंकले. महिन्याचं चक्रवाढ धरलं तर माझी बाजू आणखी वजनदार होते, पण दीर आहेत, सवलत दिली. भावजी म्हणतात, सातशे त्र्याण्णव रुपयांसाठी तीन वर्षं डोकं खाल्लंत, ही तर बरोबरीच झाली. मी म्हणते, तुमचा फायदा भाव चढला म्हणून झाला, लाभांशामुळं नाही. आणि माझे चौदा टक्के पक्के होते, तुम्हाला मात्र रोज सकाळी मोबाइल बघावा लागायचा. यावर ते चहा मागतात.

काही गोष्टी राहिल्या. तुमचं कर्ज स्वस्त असेल, म्हणजे आठ-साडेआठ टक्क्यांचं घरकर्ज, तर माझं गणित इतकं एकतर्फी राहत नाही, तुमचं तुम्ही मांडा. मुद्दलात पैसे भरण्याआधी व्याज शिल्लक रकमेवर लागतं की सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, हे लेखी विचारा. पूर्ण रकमेवर असेल तर मध्येच पैसे भरून व्याज वाचेलच असं नाही, आणि काउंटरवरचा माणूस ते आपणहून सांगत नाही. मुदतीआधी भरल्याचा दंड आहे का तेही विचारा. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. मी ठेवला नव्हता, सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला माझी पाटली गहाण पडली.

कराचं म्हणाल तर १ एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. एका कंपनीकडून वर्षात १०,००० च्या वर मिळाला तर कंपनी १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देण्याआधीच कर, कापते. २०२५ च्या एप्रिलपर्यंत ही मर्यादा ५,००० होती. पाच रुपये आले तरी ते पॅनच्या नोंदीत दिसतात, तेव्हा विवरणपत्रात लपवू नका.

ॲपबद्दल मला काही सांगता येणार नाही. माझी शंभर पानी वही आहे. कर्ज मिटल्यावर मीही थोडे शेअर घेतले, भाकरीच्या पैशातून, भावजींना न सांगता. मागच्या महिन्यात २१० रुपये लाभांश आला. पेढे आणले नाहीत.